दिवाळीचा बोनस : बक्षिसी, वहिवाट आणि कायदा

दिवाळी जवळ आली की एक गोष्ट दरवर्षी मोबाइलवरून फिरू लागते. इंग्रजांनी आठवड्याचा पगार बंद करून महिन्याचा सुरू केला, त्यात बावन्न आठवड्यांपैकी चार आठवड्यांचे पैसे बुडाले, त्याविरुद्ध महाराष्ट्रातील कामगारांनी आंदोलन केले आणि १९४० मध्ये त्या भरपाईपोटी बोनस मिळाला, असे तीत सांगितलेले असते. तेरावा पगार हा आपलाच राखून ठेवलेला पगार आहे ही कल्पना कामगाराला आपली वाटावी हे स्वाभाविक आहे, पण इतिहास तसा घडलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत बोनस हा शब्द १९४० च्या बराच आधी रुळला होता, आणि एका महिन्याच्या पगाराइतका म्हणजे ८.३३ टक्के हा किमान दर कायद्यात आला तो १९७२ मध्ये.

सुरुवात पहिल्या महायुद्धात झाली. युद्धामुळे महागाई वाढली, त्याच काळात गिरण्यांचा नफाही वाढला, आणि १९१७ मध्ये पगारावर दहा टक्के 'वॉर बोनस' देण्यात आला. अहमदाबादेत प्लेगच्या दिवसांत कामगार शहर सोडून जाऊ नयेत म्हणून विणकरांना वेगळा प्लेग बोनस मिळत होता. तो काढून घेतल्यावरच १९१८ चा प्रसिद्ध संप झाला, गांधीजींनी उपोषण केले आणि लवादाने अखेर ३५ टक्के पगारवाढ दिली. मुंबईत युद्ध संपल्यावरही गिरणी मालक काही वर्षे नफ्यातून बोनस देत राहिले. नफा घटल्यावर १९२३ साठी बोनस मिळणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले आणि हा संप दोन महिन्यांहून अधिक काळ चालला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या समितीने निष्कर्ष काढला की, रूढी, कायदा किंवा न्यायबुद्धी यांपैकी कोणत्याही आधाराने कामगारांचा बोनसवरील हक्क सिद्ध होत नाही. पुढच्या चाळीस वर्षांतील बोनसचा इतिहास म्हणजे याच निष्कर्षाला शोधलेले उत्तर आहे, असे मला वाटते.

ते उत्तर प्रथम मुंबईच्याच गिरण्यांच्या वादात मिळाले. गिरणी मालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या दाव्यात कामगार अपील न्यायाधिकरणाच्या पूर्णपीठाने १९५० मध्ये एक सूत्र घालून दिले. ढोबळ नफ्यातून घसारा (यंत्रे-इमारतींच्या झिजेची रक्कम), यंत्रसामग्रीच्या पुनर्स्थापनेचा खर्च, आयकर आणि भांडवलावरील वाजवी परतावा वजा करावा, आणि जी शिल्लक उरेल तिच्यात कामगाराचाही वाटा धरावा, असे हे सूत्र होते. बोनस ही मालकाची मर्जी उरली नाही. भांडवल आणि श्रम या दोघांनी मिळून कमावलेल्या नफ्यातला तो हिस्सा ठरला. अडचण अशी होती की वजावटींचा आकडा मोठा धरला की शिल्लक काहीच उरत नसे, आणि हिशेबाच्या वह्या तर मालकाच्याच ताब्यात असत.

सणाचा बोनस मात्र या सूत्राच्या बाहेर राहिला, आणि आजही बहुतेक गोंधळ इथेच होतो. कलकत्त्यातील कंपन्यांच्या पूजा बोनसविषयी १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन निर्णय दिले, आणि त्यांतून वहिवाटीच्या बोनसच्या कसोट्या ठरल्या. विशिष्ट सणाच्या निमित्ताने, पुरेशी वर्षे, खंड न पडता, एकाच दराने आणि तोट्याच्या वर्षीही जो बोनस दिला गेला, तो नफ्यावर अवलंबून नसतो आणि मालकाला मनास येईल तेव्हा तो बंद करता येत नाही. याउलट दरवर्षी 'ही केवळ सदिच्छेची रक्कम आहे' असे सांगून कमीजास्त रक्कम दिली असेल, तर नुसत्या सवयीतून हक्क उभा राहत नाही. सणाचा बोनस द्यावाच लागतो का, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच त्या त्या आस्थापनेच्या जुन्या पगारपत्रकांत शोधावे लागते.

केंद्र सरकारने डिसेंबर १९६१ मध्ये एम. आर. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग नेमला. त्याच्या शिफारशींवरून मे १९६५ मध्ये अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बोनस प्रदान अधिनियम आला. नफा असो वा तोटा, किमान चार टक्के. शिल्लक असेल तर कमाल वीस टक्के. आणि वीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांना लागू, असा त्याचा सांगाडा होता. तोट्यातही बोनस कसा, हा मालकांचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये फेटाळला. १९७२ मध्ये किमान दर ८.३३ टक्के झाला, आणीबाणीत १९७५ च्या अध्यादेशाने तो पुन्हा चार टक्क्यांवर आला व शिल्लक नसल्यास बोनसच नाही असे ठरले, तर १९७७ मध्ये जनता सरकारने ८.३३ टक्के परत आणला. आणीबाणीत संपाची वाट बंद असताना कामगाराच्या हातून पहिल्यांदा जे गेले त्यात बोनस होता, हे विसरता येत नाही.

कायदा आल्यावर जुनी वहिवाट संपली का, हा प्रश्नही मुंबईतूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. एका भागातील छोटे व्यापारी आपल्या कामगारांना वर्षानुवर्षे बोनस देत होते, तो त्यांनी १९६५ पासून थांबवला. १९७६ मध्ये न्यायालयाने सांगितले की बोनसचा कायदा नफ्यातल्या वाट्यापुरता आहे. रूढीतून आलेला बोनस त्याने बुडत नाही. मात्र सणाला दिलेली रक्कम कायद्याने देय बोनसमधून वळती करून घेण्याची मुभा मालकाला आहे.

गिरणगावाचा शेवटचा मोठा संघर्षही १९८१ च्या दिवाळीतील बोनसच्या असंतोषातून पेटला आणि १८ जानेवारी १९८२ पासून दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर कायद्यात मुख्यतः पगारमर्यादेचे, म्हणजे किती पगारापर्यंतच्या कामगाराला बोनस लागू याचे, आकडे बदलले. २०१५ च्या दुरुस्तीने ही मर्यादा महिना २१,००० रुपये झाली, आणि बोनसचा हिशेब ७,००० रुपये किंवा किमान वेतन यांपैकी जास्त असेल त्या रकमेवर करायचा असे ठरले. महापालिका कर्मचाऱ्यांना दिवाळीला मिळते ते 'सानुग्रह अनुदान', कारण स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्मचारी या कायद्याच्या कक्षेत नव्हते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६५ च्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. वीस माणसांची अट, वर्षात किमान तीस दिवस काम, ८.३३ ते २० टक्के ही चौकट तीच आहे. पगारमर्यादा मात्र आता शासनाने अधिसूचनेने ठरवायची आहे. दिवाळीचा उल्लेख जुन्या कायद्यातही नव्हता आणि संहितेतही नाही. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस द्यावा, एवढेच लिहिलेले आहे. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपनीसाठी ही मुदत ३० नोव्हेंबरला संपते, त्यामुळे दिवाळीनंतर पैसे देणाऱ्या मालकाने कायदा मोडला असे म्हणता येत नाही. दुकानात चार माणसे असतील किंवा घरकामाला एकच बाई येत असेल, तर या मुदतीचाही आधार नाही. तिथे दिवाळीचा पगार आजही वहिवाटीवर आणि देणाऱ्याच्या जाणिवेवर उभा आहे.