जुन्या रायफलीवरचं नाव नेमकं कोणाचं?

घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रायफल कोणी बनवली, असं विचारलं की बहुतेक जण चापाच्या वरच्या लोखंडी पट्टीवर कोरलेलं नाव वाचून दाखवतात. पुष्कळदा ते नाव विक्रेत्याचं असतं. एकोणिसाव्या शतकातल्या बर्मिंगहॅममध्ये नळी एकाकडे घडे, चापाची यंत्रणा दुसऱ्याकडे, दस्ता तिसऱ्याकडे. सगळं जुळवून विकणारा शेवटी आपलं नाव कोरून घेई. बेल्जियममधल्या लिएजहून तर नामांकित इंग्रज कारागिरांच्या नावांशी मिळतीजुळती नावं घातलेल्या स्वस्त बंदुका जगभर जात. म्हणून ते नाव सर्वांत शेवटी वाचावं, असं माझं मत आहे. आधी नळी वाचावी.

त्याही आधी एक काम. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून भरायच्या बंदुकीत जुना बार, म्हणजे भरलेली दारू आणि गोळी, तशीच राहिलेली असू शकते, आणि कोरडी काळी दारू शंभर वर्षांनीही पेट घेते. नळीच्या तोंडासमोर न येता लाकडी गज हळूच आत सोडा, तोंडापाशी गजावर खूण करा, मग तो बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहा. गजाचं टोक बंदुकीच्या कानापर्यंत, म्हणजे दारू पेटवण्याच्या मागच्या छिद्रापर्यंत, पोचत नसेल, दोन बोटं अलीकडेच थांबत असेल, तर आत बार आहे असंच धरा आणि बंदूक जाणकाराकडे सोपवा. मागून काडतूस भरायच्या रायफलीची तपासणीही जाणकारानेच करावी.

नळी जाणकाराच्या हातून दस्त्यापासून सुटी केली की लाकडाखाली झाकलेल्या बाजूला खरा मजकूर सापडतो. नवी नळी विकण्यापूर्वी तिच्यात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती उडवून पाहत. टिकली तर तिच्यावर चाचणीगृहाचा ठसा बसे. लंडनच्या ठशात मुकुटाखाली जी आणि पी ही अक्षरं गुंफलेली असतात. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३च्या कायद्याने स्थापन झालं; त्याच्या ठशात मुकुट आणि एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड दिसतात. लिएजच्या ठशात लंबगोलात ई-एल-जी ही अक्षरं असतात आणि १८९३पासून त्या लंबगोलावर मुकुट आला. एवढ्याशा मुकुटावरून काळाची एक बाजू पक्की होते. कर्त्याचा माग मात्र शेजारच्या इवल्याशा आद्याक्षरांत असतो. ती बहुधा नळी घडवणाऱ्याची असतात.

तिथेच २५ असा आकडा दिसला तर तो साल किंवा अनुक्रमांक समजू नये. एक पौंड शिशाच्या २५ सारख्या गोळ्या केल्या, तर एका गोळीचा व्यास साधारण साडेचौदा मिलिमीटर भरतो. नळीचं छिद्र साधारण तेवढं आहे, एवढाच त्याचा अर्थ. ब्रिटिश लष्कराच्या १८५३च्या एनफिल्ड नमुन्याच्या नळ्यांवर हा आकडा आढळतो. नळीच्या आतही पाहावं: एनफिल्डमध्ये ३ पिळदार खाचा असतात आणि त्यांचा एक फेरा ७८ इंचांत पुरा होतो. इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थच्या रायफलीचं छिद्र षट्कोनी, आणि पीळ २० इंचांत एक फेरा.

ठसे झिजून गेले असतील तर? इथे धातुशास्त्र मदतीला येतं. ठसा ठोकताना पोलादाचा पृष्ठभाग तर दबतोच, पण त्याखालचे स्फटिकही वाकतात, चेपतात. वरचं अक्षर घासून सपाट झालं तरी खालचा हा ताणलेला थर काही खोलीपर्यंत शिल्लक राहतो, आणि आम्ल लावलं की तो आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगाने विरघळतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण लावून खोडलेले क्रमांक असेच वर आणतात. गुन्ह्याच्या तपासात हे ठीक आहे. वारशाच्या नळीवर मात्र आम्ल लावू नये, कारण ते पृष्ठभाग कायमचा खातं.

त्याऐवजी प्रकाश वापरा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च नळीला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि हळूहळू फिरवा. समोरून सपाट दिसणाऱ्या जागी अक्षराची एक कड उजळते, दुसरीची सावली पडते आणि व्हीसारखं एखादं बारीक अक्षर उमटतं. प्रत्येक कोनातून फोटो घ्या. याच तत्त्वावर २००१मध्ये ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतल्या टॉम मॅल्झबेंडर यांनी वेगवेगळ्या दिशांच्या प्रकाशातले फोटो संगणकाने एकत्र करण्याची पद्धत मांडली. संग्रहालयं आज झिजलेले शिलालेख वाचायलाही ती वापरतात.

पॉलिश पेपर मात्र हातात घेऊ नका. गंजाचा जुना तपकिरी थर काढताना बुजत आलेला ठसाही त्याच्याबरोबर जातो. स्क्रूसुद्धा कोणता कुठला ते लिहून ठेवा. आट्यांचं प्रमाण ठरवण्याची व्हिटवर्थची सूचना १८४१ची. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. स्क्रूच्या अंगावर कानशीने मारलेल्या बारीक रेघा दिसल्या, तर त्या बहुधा जुळणी करणाऱ्याच्या खुणा असतात.

अनुक्रमांकाचा उपयोग कारखाना कळल्यावरच होतो, कारण प्रत्येकाची मोजणी वेगळी. पण कारखाना कळला की वाट सरळ होते. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात कोडी इथल्या संग्रहालयात विंचेस्टर कंपनीच्या जुन्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. सगळ्याच क्रमांकांच्या नोंदी उरलेल्या नाहीत, पण ज्यांच्या आहेत त्यांच्यापुढे ती रायफल कोणत्या तारखेला गोदामातून बाहेर पडली हेही सापडू शकतं.