मोल्सवर्थ: एका आडनावाचं मूळ गाव

जुना मराठी शब्द अडला की आजही म्हटलं जातं, ‘मोल्सवर्थ बघ.’ माणसाचं आडनाव त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाचंच नाव होऊन बसलं. पण ते आडनाव आलं कुठून?

पूर्व इंग्लंडमध्ये, पूर्वीच्या हंटिंगडनशरमध्ये, मोल्सवर्थ नावाचं लहानसं गाव आहे. विल्यम राजाने करवून घेतलेल्या जमीनजुमल्याच्या पाहणीत, १०८६च्या ‘डूम्सडे बुक’मध्ये, त्याची नोंद ‘मोलेसवर्दे’ अशी आहे. ‘मूल’ हे जुन्या इंग्रजीतलं पुरुषाचं नाव. केंटमध्ये ६८७ साली जाळून मारलेल्या राजाचंही तेच होतं. ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती. थोडक्यात, कुणा मूलची वाडी. आपल्या कानाला ‘मोल’ आणि इंग्रजी ‘वर्थ’, दोन्हींत किंमतच ऐकू येते. योगायोग गोड आहे, पण व्युत्पत्तीशी त्याचा संबंध नाही. कवी वर्ड्सवर्थच्या आडनावातही हाच वस्तीवाचक ‘वर्थ’ आहे.

गावावरून आडनाव पडण्याची रीत आपल्याला ‘कर’मुळे चांगली ठाऊक आहे. सगळे एकाच गावचे असले की गावाचं नाव लावून ओळख पटत नाही; बाहेर पडलेल्यालाच ते चिकटतं. नॉर्टन, सटन नावाची गावं इंग्लंडभर आहेत, म्हणून ती आडनावंही भरपूर. मोल्सवर्थचं गाव एवढंसं, तिथून बाहेर पडणारे किती असणार? आडनाव दुर्मीळ राहिलं ते त्यामुळेच, असं मला वाटतं.

तरी ते लांबवर गेलं. एलिझाबेथ राणीच्या काळात एक शाखा कॉर्नवॉलमध्ये पेनकॅरोला स्थिरावली आणि १६८९मध्ये तिला बॅरोनेट हा किताब मिळाला. आयर्लंडमध्ये रॉबर्ट मोल्सवर्थ १७१६मध्ये व्हायकाउंट, म्हणजे उमराव, झाले. डब्लिनमध्ये आजही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे.

आपले जेम्स टॉमस मोल्सवर्थ १७९५चे. कोवळ्या वयात ते कंपनीच्या फौजेत हिंदुस्थानात आले आणि मराठीत रमले. जॉर्ज व टॉमस कँडी या भावांच्या आणि मराठी शास्त्र्यांच्या मदतीने केलेला त्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१मध्ये निघाला, वाढवलेली आवृत्ती १८५७मध्ये.

त्या कोशात ‘वाडी’ हा शब्द काढून पाहा. पहिला अर्थ दिलाय कुंपण घातलेला जमिनीचा तुकडा, दुसरा शेतकऱ्यांच्या झोपड्यांची वस्ती.