पत्र्याच्या शेडचे उष्णतारोधन (कोकण किनारा)

लोखंडी सांगाडा आणि पत्र्याचे छप्पर असलेल्या कार्यशाळा, गॅरेज व गोदामांत उन्हाची उष्णता उतरू नये आणि पत्र्याच्या आतल्या बाजूस दव धरू नये, यासाठी दिलेल्या थरास उष्णतारोधन म्हणतात. थंड देशांत आतली ऊब टिकवणे हा त्याचा मुख्य हेतू असल्याने तेथे थराच्या जाडीला महत्त्व येते. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत मात्र ऊन, खारा वारा व दमटपणा यांचा विचार आधी करावा लागतो.

भर उन्हात पत्रा ६० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापू शकतो आणि खालच्या माणसांवर मुख्यतः प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, उष्णता टाकतो. म्हणून ॲल्युमिनियमचा मुलामा असलेली फोम शीट, चकचकीत बाजूपुढे सुमारे २५ मिलिमीटरची पोकळी ठेवून बसवल्यास, पातळ असूनही बराच फरक पाडते. तीच बाजू पत्र्याला चिकटली तर हा गुण वाया जातो, आणि काजळी व धूळ बसल्यासही तो कमी होतो. पत्र्यावरचा पांढरा रंग आणि आढ्यावरची वायुवीजनाची सोय हे उपाय स्वस्त असून ते आधी करावेत.

उष्णतावाहकता मीटर-केल्विनमागे पोलादाची सुमारे ५० वॅट, तर थर्माकोल व रॉकवूलची (खडक वितळवून काढलेल्या तंतूंची लोकर) ०.०३५ ते ०.०४ आणि पफची (पॉलियुरेथेन फोम) सुमारे ०.०२५ वॅट असते; आकडा जितका लहान तितकी उष्णता कमी जाते. केवळ या आकड्यांवरून पफ निवडला जातो, परंतु जेथे वेल्डिंग व ग्राइंडर चालतात तेथे आगीचा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो. थर्माकोल, पॉलिथिलीन फोम व पफ जळणारे आहेत. रॉकवूल जळत नाही. बंदरालगत होड्यांची इंजिने दुरुस्त करणाऱ्या शेडमध्ये, जिथे डिझेलही सांडलेले असते, रॉकवूलच योग्य.

रॉकवूल व ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) यांचा खरा शत्रू ओल आहे. हिवाळ्यातील निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्याच्या आतल्या अंगाला साचते आणि सकाळी लेथवर थेंब पडतात. हे पाणी लोकरीत मुरले तर रोधन घटते, आणि ओल्या लोकरीला टेकलेला पत्रा खाऱ्या हवेत आतूनच गंजू लागतो, जे बाहेरून कित्येक दिवस कळत नाही. म्हणून वातानुकूलन नसलेल्या शेडमध्ये बाष्परोधक पडदा लोकरीच्या खोलीकडील बाजूस लावतात व सांधे टेपने बंद करतात. वातानुकूलित खोलीत मात्र बाहेरची हवा अधिक उष्ण व दमट असल्याने तो बाहेरच्या बाजूस हवा.

पर्लिनवर (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर) लोकर पसरून वरून पत्रा आवळताना लोकर दबते व स्क्रूची पकड उथळ राहू शकते, त्यामुळे लांब स्क्रू वापरावे लागतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळले तेव्हा अनेक छपरांचे पत्रे उडाले. अशा किनाऱ्यावर रोधनासाठी पकडीशी तडजोड करता येत नाही.