स्पंजला किती ऑक्सिजन पुरतो?

स्पंज हा पाण्यात तळाला चिकटून राहणारा प्राणी. त्याला कल्ले नाहीत, रक्त नाही, हृदयही नाही. अंगावरच्या बारीक छिद्रांतून तो पाणी आत ओढतो, कशाभिका, म्हणजे चाबकासारखे हलणारे धागे, असलेल्या पेशी ते पुढे ढकलतात आणि मोठ्या छिद्रातून ते बाहेर पडते. हा उपसा थांबला, तर बाहेरचे पाणी कितीही ताजे असले तरी काही मिनिटांतच आतल्या पेशींभोवतीचा ऑक्सिजन संपू शकतो. म्हणून नुसते पाण्यातल्या ऑक्सिजनचे माप घेऊन भागत नाही. छिद्रांजवळ फ्लुओरेसिन या रंगद्रव्याचे द्रावण सोडायचे आणि ती हिरवी धार मोठ्या छिद्रातून बाहेर येते का, ते पाहायचे.

स्पंज किती ऑक्सिजन वापरतो हे मोजण्यासाठी तो पाण्याखालीच ठेवून झाकणबंद काचपात्रात हलवतात. क्षणभरही हवा लागली तर बुडबुडे नलिकांत अडकतात आणि उपसा बिघडतो. पात्रात चुंबकी ढवळणी आणि ऑक्सिजन संवेदक असतो. संवेदकाचे शून्य ऑक्सिजन शोषून घेणाऱ्या सोडियम सल्फाइटच्या द्रावणात लावतात, तर शंभर टक्के हवेने संपृक्त पाण्यात. 25 अंश सेल्सिअस तापमानाच्या, 35 क्षारतेच्या (किलोमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार) अशा पाण्यात लिटरमागे सुमारे 6.7 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. 2 मिलिग्रॅमच्या खाली बहुतेक सागरी प्राण्यांची अवस्था बिकट होते. शेजारी तेच पाणी भरलेले, पण स्पंज नसलेले पात्र हवेच, कारण पाण्यातले जीवाणूही ऑक्सिजन खातात. स्पंजच्या अंगातल्या जीवाणूंचा वाटा मात्र असा वजा करता येत नाही.

खरी कसोटी ऑक्सिजन कमी करताना लागते. नायट्रोजनचे बुडबुडे सोडले की ऑक्सिजनबरोबर कार्बन डायऑक्साइडही निघून जातो आणि पाण्याचा सामू (पीएच) चढतो. मग स्पंज मलूल झाला तो कशामुळे, हे सांगता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे नायट्रोजनमध्ये हवेइतकाच, म्हणजे दहा लाख भागांत सुमारे 400 भाग, कार्बन डायऑक्साइड मिसळायचा. सिलिकॉनच्या नळ्याही टाळाव्यात, त्यांच्या भिंतींतून हवेतला ऑक्सिजन पाझरतो. आणखी एक फसगत मेलेल्या स्पंजची: तो कुजतानाही ऑक्सिजन खर्च होतो, त्यामुळे आकड्यांवरून तो जिवंतच वाटतो. पांढुरकी साय धरली किंवा सडक्या अंड्याचा वास आला, तर ते माप बाद करावे.

2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत डेन्मार्कच्या केर्टेमिंडे खाडीतला 'हॅलिकाँड्रिया पॅनिसिया' हा स्पंज आजच्या वातावरणीय पातळीच्या 0.5 ते 4 टक्के इतक्या ऑक्सिजनवरही तगला. प्राण्यांच्या उदयासाठी ऑक्सिजन आधी भरपूर वाढावा लागला, या जुन्या समजुतीला त्यामुळे चांगलाच धक्का बसला. 2018 मध्ये 'टेथिया विल्हेल्मा' या स्पंजाच्या अभ्यासातून त्याहून नवलाची गोष्ट कळली. माणसाच्या पेशींत ऑक्सिजन घटताच एचआयएफ नावाचे प्रथिन जनुकांना इशारा देते. स्पंजांकडे ही यंत्रणाच नाही. ऑक्सिजन हवेच्या संपृक्ततेच्या 0.25 टक्क्यापर्यंत उतरला, तरी टेथियाच्या जनुकांचे काम जवळपास नेहमीसारखेच चालू राहिले.

गोव्याच्या किनाऱ्यापुढच्या उथळ समुद्रात दरवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस तळाजवळचा ऑक्सिजन नैसर्गिकरीत्याच जवळजवळ संपतो. तिथे तळाला चिकटून असलेल्या, जागा सोडू न शकणाऱ्या स्पंजांपुढे दरवर्षी हाच प्रश्न असतो.