इंदूरमधील मोडलेल्या भाडे-अटी आणि घरमालकाचे अधिकार : पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबाग किंवा राजेंद्रनगर भागात घर भाड्याने घेताना जो किरायानामा सहीसाठी पुढे येतो, त्यात अटींची वानवा नसते. भाडे ठरल्या तारखेच्या आत द्यावे, पोटभाडेकरू ठेवू नये, रात्री उशिरा पाहुणे आणू नयेत, आणि काही घरांत तर मांसाहारही करू नये, असे सारे त्यात लिहिलेले असते. यांपैकी एखादी अट मोडली गेल्यास मालकाला काय करता येते, हे मात्र त्या कागदावरून ठरत नाही.

ब्रिटिश हिंदुस्थानातील 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने करारालाच पाया मानले होते. अट मोडल्यास ताबा परत घेण्याचा हक्क करारात स्पष्ट लिहिला असेल, तर भाडेपट्टा जप्त, म्हणजे मुदतीआधीच संपुष्टात, होऊ शकत असे; महिन्याच्या भाडेकरूला तर पंधरा दिवसांची नोटीस पुरे, तिला कारण लागत नसे. 1929 च्या दुरुस्तीने त्यात थोडी सबुरी आणली: अटीचा भंग सुधारण्याजोगा असल्यास तो आधी भाडेकरूला लेखी कळवावा आणि सुधारण्यास वाजवी मुदत द्यावी, असे ठरले.

महायुद्धांच्या काळातील घरटंचाईने हे चित्र पालटले. मुंबईत 1918 मध्येच भाडे नियंत्रण आले. होळकर संस्थान 1948 मध्ये मध्यभारत या नव्या राज्यात विलीन झाल्यावर इंदूरला संवत 2006 चे (इ.स. 1949-50) ‘स्थान नियंत्रण विधान’, म्हणजे भाड्याच्या जागांवरील नियंत्रणाचा कायदा, लागू झाले, त्यानंतर 1955 चा कायदा आला, आणि मध्य प्रदेश अस्तित्वात आल्यावर त्याची जागा 1961 च्या मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियमाने घेतली. या अधिनियमाचे कलम 12 हा खरा कळीचा मुद्दा होय. करारात काहीही लिहिलेले असले, तरी त्या कलमात मोजून दिलेल्या कारणांखेरीज भाडेकरूविरुद्ध निष्कासनाचा, म्हणजे घर खाली करून घेण्याचा, दावा चालत नाही. मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत थकबाकी न देणे, बेकायदा पोटभाडेकरू ठेवणे, उपद्रव करणे किंवा ज्या हेतूने जागा दिली त्याच्याशी विसंगत वापर करणे, जागेचे मोठे नुकसान करणे ही कारणे त्यात आहेत. रात्रीचा पाहुणा किंवा स्वयंपाकघरातला मासा नाही. ते उपद्रवाच्या व्याख्येत बसवायचे, तर पुरावा द्यावा लागतो, आणि तिथेच बहुतेक मालक थकतात.

थकबाकीच्या बाबतीतही कायदा भाडेकरूला एक संधी देतो. समन्स मिळाल्यापासून महिन्याच्या आत थकीत रक्कम न्यायालयात भरली आणि पुढचे भाडे दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरत राहिले, तर त्या कारणावरून घर सोडावे लागत नाही. मात्र एकदा ही सवलत घेऊन पुन्हा सलग तीन महिने भाडे थकवणाऱ्याला ती दुसऱ्यांदा मिळत नाही. जुन्या वाड्यांतील भाड्याच्या मनिऑर्डरींची भांडणे या संदर्भात समजून घ्यावी लागतात. अटभंग ठाऊक असूनही भाडे स्वीकारले तर हक्क सोडल्यासारखे होईल, या धास्तीने मालक मनिऑर्डर नाकारत. आणि नकाराचा शेरा मारून परत आलेली तीच पावती, भाडे देऊ केले होते याचा पुरावा म्हणून, भाडेकरू जपून ठेवत असे.

1983 मध्ये स्वतःच्या गरजेपोटी जागा हवी असलेल्या मालकांसाठी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्यापुढील जलद मार्ग निघाला, पण 1985 च्या दुरुस्तीने तो निवृत्त सरकारी नोकर, विधवा, घटस्फोटिता, अपंग अशा मोजक्यांपुरता उरला. तोही अटभंगासाठी नव्हताच.

दाव्यांच्या या लांबणीमुळे मालकांनी भाडेकरू घरात येण्याआधीच काळजी घेण्याचा मार्ग धरला: मोठी अनामत, ओळखीतला भाडेकरू, अकरा महिन्यांचा करार. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी 1908 च्या नोंदणी कायद्याने सक्तीची असल्याने अकरा महिने रूढ झाले. त्या मुदतीने भाडेकरूचे संरक्षणही संपते हा समज मात्र 1961 च्या अधिनियमापुढे टिकत नाही. वीज-पाणी तोडणे किंवा कुलूप बदलणे तर मालकाच्याच अंगाशी येते. संमतीविना व कायदेशीर मार्गाविना बाहेर काढलेला भाडेकरू 1963 च्या विशिष्ट दिलासा कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचे हा प्रश्न आडवा येत नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे, आणि मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्यास पहिले दोन महिने दुप्पट व पुढे चौपट भाडे सुचवले आहे. तो नमुना असल्याने राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय त्यातील तरतुदी लागू होत नाहीत.