अमेरिकेच्या लष्करी अंतराळ कार्यक्रमांच्या खर्चाची कागदपत्रे कशी मागवावीत: पात्रता, अर्ज, शुल्क आणि अपील

अमेरिकी लष्कराच्या उपग्रह कार्यक्रमांवर होणारा खर्च आणि त्यांचा कारभार यांविषयीची सरकारी कागदपत्रे मागण्याचा हक्क केवळ त्या देशाच्या नागरिकांना नाही. १९६६ साली झालेल्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली, ज्याला तिथे ‘फोया’ म्हणतात, कोणत्याही देशाची व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, आणि माहिती कशासाठी हवी हे सांगणेही सहसा बंधनकारक नसते. अपवाद परदेशी सरकारे आणि त्यांच्या प्रतिनिधींचा आहे: त्यांना या कायद्याखाली गुप्तचर संस्थांकडून कागदपत्रे मिळू शकत नाहीत. हेरगिरीचे उपग्रह चालवणारे नॅशनल रिकॉनिसन्स ऑफिस अशा संस्थांपैकीच एक असल्याने हा अपवाद इथे लक्षात ठेवावा लागतो.

अर्ज लिहिण्याआधी जे उघड आहे ते वाचून घ्यावे. बहुतेक अर्ज याच टप्प्यावर अनावश्यक ठरतात, असे माझे मत आहे. १९२१ मध्ये स्थापन झालेली आणि काँग्रेसच्या अखत्यारीत काम करणारी लेखापरीक्षण संस्था ‘गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस’, म्हणजे जीएओ, संरक्षण खात्याच्या मोठ्या शस्त्रास्त्र कार्यक्रमांचा आढावा दरवर्षी प्रसिद्ध करते आणि त्यात अंतराळ कार्यक्रमही असतात. अशी तपासणी सामान्य माणसाला मागता येत नाही. ती कायद्यातील तरतुदीमुळे किंवा काँग्रेसच्या समित्यांच्या मागणीवरून होते. अहवालाचा मसुदा आधी संबंधित खात्याकडे अभिप्रायासाठी जातो, आणि अंतिम अहवालातील शिफारशींवर काय केले हे त्या खात्याला १८० दिवसांच्या आत काँग्रेसला लेखी कळवावे लागते. हे लेखी उत्तर अर्जात नाव घेऊन मागण्याजोगे कागदपत्र आहे, आणि मूळ अहवालापेक्षा ते कधीकधी अधिक बोलके असते. जीएओ स्वतः मात्र फोयाच्या कक्षेत येत नाही. तिच्याकडील नोंदींसाठी तिचे वेगळे नियम आहेत.

दुसरा धागा १९८२ च्या नन-मॅककर्डी तरतुदीचा. एखाद्या मोठ्या कार्यक्रमाचा प्रतिनग खर्च चालू अंदाजापेक्षा १५ टक्क्यांनी वाढला, तर काँग्रेसला कळवावे लागते. २५ टक्क्यांनी, किंवा मूळ अंदाजापेक्षा ५० टक्क्यांनी वाढला, तर कार्यक्रम रद्द व्हावा असेच कायदा गृहीत धरतो आणि संरक्षणमंत्र्यांनी तो राष्ट्रीय सुरक्षेसाठी अत्यावश्यक असल्याचे व इतर अटी पूर्ण होत असल्याचे प्रमाणित केले तरच तो टिकतो. जीपीएस उपग्रहांची जमिनीवरील नियंत्रण यंत्रणा, ‘ओसीएक्स’, २०१६ मध्ये या वरच्या मर्यादेपलीकडे गेली आणि तरीही प्रमाणपत्र मिळून पुढे चालू राहिली. असे प्रमाणपत्र, त्यासोबतचे पत्र आणि कार्यक्रमाचा ‘सिलेक्टेड अ‍ॅक्विझिशन रिपोर्ट’, म्हणजे खर्च आणि वेळापत्रकाचा काँग्रेसला दिला जाणारा अहवाल, अशी नेमकी मागणी केली की शोध सोपा होतो.

डिसेंबर २०१९ मध्ये स्थापन झालेले स्पेस फोर्स हे एअर फोर्स विभागाच्या अधीन आहे, म्हणून त्याच्याविषयीचा अर्ज त्या विभागाच्या फोया कार्यालयाकडे करावा. अर्जात नाव, संपर्काचा पत्ता, कार्यक्रमाचे नाव, कागदपत्राचा प्रकार, कालावधी, आपण व्यावसायिक अर्जदार आहोत की नाही, आणि किती शुल्क भरण्यास तयार आहोत, एवढे पुरते. स्वतःविषयीची नोंद मागितली नसेल, तर ओळखपत्राची गरज पडत नाही. ‘ओसीएक्सवर इतका खर्च का झाला?’ हा प्रश्न आहे, अर्ज नव्हे. प्रश्नांना उत्तरे देणे किंवा नवे कागदपत्र तयार करणे कार्यालयावर बंधनकारक नाही.

शुल्काचा मुद्दा थोडक्यात: अव्यावसायिक अर्जदाराला शोधाचे पहिले दोन तास आणि पहिली १०० पाने मोफत असतात, आणि सार्वजनिक हित दाखवून शुल्कमाफीही मागता येते.

निर्णयासाठी कायद्याने २० कामाचे दिवस दिले आहेत आणि विशेष परिस्थितीत आणखी १० घेता येतात. प्रत्यक्षात लष्करी कागदपत्रांना याहून बराच वेळ लागू शकतो, कारण कंत्राटदाराची व्यापारी माहिती असल्यास त्याला आधी कळवून हरकत घेण्याची संधी द्यावी लागते. नकारासाठी कायद्यात नऊ सवलती आहेत. या विषयात प्रामुख्याने तीन आडव्या येतात: गोपनीय ठरवलेली राष्ट्रीय सुरक्षेची माहिती, व्यापारी गुपिते आणि निर्णयापूर्वीची अंतर्गत चर्चा. गुप्तचर उपग्रहांच्या बाबतीत तर कागदपत्र आहे की नाही हे सांगण्यासही नकार मिळू शकतो. तरीही ज्या भागाला सवलत लागू होत नाही तो वेगळा काढून द्यावाच लागतो, म्हणून काळ्या पट्ट्या मारलेली पाने आली तर कोणत्या पट्टीशेजारी कोणत्या सवलतीचा क्रमांक आहे ते पाहावे आणि अपिलात त्या क्रमांकावरच बोट ठेवावे.

अपिलासाठी किमान ९० दिवस मिळतात. त्याला वेगळे शुल्क नाही. मूळ अर्ज, नकाराचे पत्र आणि हरकतीचे मुद्दे जोडणे पुरेसे असते. वाद तिथेही मिटला नाही, तर राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अंतर्गत असलेल्या ‘ऑफिस ऑफ गव्हर्नमेंट इन्फर्मेशन सर्व्हिसेस’कडून मध्यस्थी मागता येते, आणि त्यानंतरही फेडरल जिल्हा न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग खुला असतो.