बाउअर, मार्विन

बाउअर, मार्विन : (१ ऑगस्ट १९०३ – २२ जानेवारी २००३). अमेरिकन व्यवस्थापन-सल्लागार आणि मॅकिन्झी अँड कंपनी या पेढीचे दीर्घकाळचे प्रमुख. पेढीला नाव दुसऱ्याचे असले, तरी तिची घडण, शिस्त व व्यवसायविषयक भूमिका प्रामुख्याने बाउअर यांची आहे. कंपन्यांना त्यांच्या कारभाराविषयी बाहेरून सल्ला देण्याचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंते, हिशेबनीस, बँकर अशा अनेकांच्या हाती विखुरलेले होते. त्याला वकिलीच्या धर्तीवर स्वतंत्र पेशाचे रूप देण्याचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांत बाउअर यांचे स्थान अग्रगण्य मानले जाते.

त्यांचा जन्म ओहायओ राज्यातील सिनसिनाटी येथे झाला. बालपण व शालेय शिक्षण क्लीव्हलंडमध्ये. ब्राउन विद्यापीठाची पदवी १९२५ मध्ये व हार्व्हर्ड विद्यापीठाची कायद्याची पदवी १९२८ मध्ये घेतल्यावर क्लीव्हलंडमधील एका प्रतिष्ठित वकिली पेढीत (पुढे जोन्स डे या नावाने प्रसिद्ध) प्रवेश मिळवण्याची त्यांची इच्छा होती. गुण पुरेसे नसल्यामुळे तेथे नकार मिळाला. तेव्हा त्यांनी हार्व्हर्डच्याच व्यवस्थापन विद्यालयात नाव घातले आणि १९३० मध्ये ती पदवीही मिळवली. कायदा व व्यवस्थापन अशा दोन्ही पदव्या असणारी माणसे त्या काळी फार थोडी होती. यानंतर त्याच वकिली पेढीत त्यांना जागा मिळाली. पेढीचे प्रमुख फ्रँक गिन यांची कामाची पद्धत, अशिलाशी वागण्यातला संयम आणि सहकाऱ्यांच्या निवडीतला काटेकोरपणा यांचा बाउअर यांच्यावर कायमचा ठसा उमटला.

महामंदीची ती वर्षे होती. कर्जरोख्यांवरील व्याज देणेही अशक्य झालेल्या कंपन्यांच्या रोखेधारकांनी समित्या नेमल्या आणि अशा अनेक समित्यांचे चिटणीसपद तरुण बाउअर यांच्याकडे आले. कंपन्यांची पुनर्रचना करताना त्यांच्या ध्यानात आलेली गोष्ट पुढील सर्व कामाचा पाया ठरली. कंपनी का बुडाली, हे खालच्या अधिकाऱ्यांपैकी कोणाला ना कोणाला ठाऊक असे. परंतु ते वरिष्ठांना सांगण्याची कोणाची छाती होत नसे किंवा सांगण्याची वाटच नसे. वकील कायद्याचे पाहत, बँकर पैशाचे पाहत, लेखापाल हिशेबाचे पाहत. संस्थेची रचना आणि निर्णयपद्धती यांविषयी सर्वोच्च अधिकाऱ्याशी निर्भीडपणे बोलू शकेल असा तज्ज्ञ मात्र कोणीच नव्हता.

या सुमारास त्यांचा परिचय जेम्स ओ. मॅकिन्झी यांच्याशी झाला. मॅकिन्झी हे शिकागो विद्यापीठात लेखाशास्त्राचे प्राध्यापक होते. अंदाजपत्रकी नियंत्रणावरील त्यांचा १९२२ चा ग्रंथ त्या विषयातील आरंभीच्या ग्रंथांत गणला जातो. त्यांनी १९२६ मध्ये शिकागोत स्वतःची पेढी काढली होती. कंपनीची पाहणी कोणत्या क्रमाने करावी याचा एक सविस्तर आराखडा त्यांनी तयार केला होता. सल्लागाराने आधी त्या उद्योगाची एकूण स्थिती पाहावी, मग कंपनीचे उद्दिष्ट व धोरण, त्यानंतर संघटना, कर्मचारी, साधने आणि कार्यपद्धती, अशी त्याची साधारण मांडणी होती. एखाद्या विभागातील दोष शोधण्यापूर्वी संपूर्ण उद्योगसंस्थेचे आकलन हवे, हा त्यामागचा आग्रह होता. हिशेब तपासणीची सवय असलेल्या लोकांना हा मोठाच पालट वाटला असला पाहिजे. बाउअर १९३३ च्या अखेरीस या पेढीच्या न्यूयॉर्क कार्यालयात रुजू झाले.

पुढील सहा वर्षे पेढीच्या दृष्टीने अस्थिर होती. १९३५ मध्ये मॅकिन्झी मार्शल फील्ड या शिकागोतील मोठ्या व्यापारी कंपनीचे अध्यक्ष झाले. आधी सल्लागार म्हणून तिची पाहणी केल्यावर आपल्याच शिफारशी अमलात आणण्याची जबाबदारी त्यांनी पत्करली होती. त्याच वर्षी त्यांच्या पेढीचे स्कोव्हेल, वेलिंग्टन या लेखापालांच्या पेढीशी एकीकरण झाले. ३० नोव्हेंबर १९३७ रोजी मॅकिन्झी न्यूमोनियाने वारले. मिळकत घटली, भागीदारांत मतभेद वाढले आणि १९३९ मध्ये पेढी दुभंगली. मॅकिन्झी यांचे पहिले भागीदार अँड्र्यू टॉमस कर्नी यांनी शिकागोची शाखा स्वतंत्रपणे चालवली. तीच पुढे ए. टी. कर्नी या नावाने ओळखली जाऊ लागली. न्यूयॉर्कच्या बाजूला बाउअर, गाय क्रॉकेट व त्यांचे सहकारी राहिले. मॅकिन्झी हे नाव एकट्या न्यूयॉर्क गटाकडे दुसऱ्या महायुद्धानंतरच आले.

पेढीचा स्थापनाकाल कोणता धरावा, हा प्रश्न यातूनच निर्माण होतो. पेढी स्वतः १९२६ हे वर्ष मानते आणि बाउअर यांनीही मूळ संस्थापकाचे श्रेय कधी नाकारले नाही. तथापि १९३९ पूर्वीची संस्था मुख्यतः लेखापाल व व्यवस्थापन-अभियंत्यांची होती, तर त्यानंतरच्या संस्थेने हिशेब तपासणीचे काम बाजूला ठेवले. संघटनेच्या दृष्टीने पाहता १९३९ हेच वर्ष आजच्या पेढीच्या आरंभाला अधिक जवळचे आहे. पेढीला स्वतःचे नाव न देण्यामागे बाउअर यांचा हिशेब सरळ होता. नाव दिले असते, तर प्रत्येक ग्राहकाने बाउअर यांनाच भेटण्याचा आग्रह धरला असता.

व्यवस्थापन-सल्ला या व्यवसायाच्या उगमाबद्दल अभ्यासकांत एकवाक्यता नाही, आणि बाउअर यांचे मूल्यमापन बरेचसे त्यावर अवलंबून आहे. जुन्या मांडणीनुसार हा व्यवसाय फ्रेडरिक टेलर यांच्या शास्त्रीय व्यवस्थापनातून आला. कारखान्यातील कामाचे मोजमाप करणारे अभियंते हळूहळू कार्यालयाकडे व तेथून संचालकांच्या दालनाकडे सरकले, असे ही मांडणी सांगते. इतिहासकार ख्रिस्तोफर मॅकेना यांनी ही वंशावळ अमान्य केली आहे. त्यांच्या मते निर्णायक घटना म्हणजे १९३३ चा ग्लास-स्टीगल बँकिंग कायदा व त्याच सुमाराचे रोखेविषयक कायदे. तोवर कंपन्यांच्या अंतर्गत पाहण्या करण्यात बँकांचा मोठा वाटा होता. कायद्याने ती वाट बंद केली आणि मोकळी झालेली जागा स्वतंत्र सल्लागारांनी घेतली. अमेरिकेतील अशा पेढ्या १९३० मध्ये सुमारे १०० होत्या, त्या १९४० पर्यंत सुमारे ४०० झाल्या, असा त्यांचा अंदाज आहे. मॅटियास किपिंग यांची मांडणी निराळी आहे. एकामागून एक आलेल्या लाटांच्या रूपात ते हा इतिहास पाहतात. पहिली लाट शास्त्रीय व्यवस्थापनाची, दुसरी संघटना व व्यूहनीतीची, तिसरी माहिती तंत्रज्ञानाची. पहिल्या लाटेवर वाढलेल्या पेढ्यांपैकी बहुतेकींना दुसऱ्या लाटेत टिकता आले नाही, आणि बाउअर यांची पेढी या दुसऱ्या लाटेची ठळक प्रतिनिधी आहे.

मॅकेना यांच्या सिद्धांतातील एक अडचण उघड आहे. आर्थर डी. लिटल यांची बॉस्टनमधील पेढी १८८६ ची, एडविन बूझ यांनी शिकागोत काम सुरू केले ते १९१४ मध्ये, चार्ल्स बेडो यांनी क्लीव्हलंडमध्ये १९१६ मध्ये. म्हणजे कायद्यापूर्वीही हा व्यवसाय अस्तित्वात होता. शिवाय सर्व पेढ्यांना तोच कायदा व तीच बाजारपेठ लाभूनही त्यांची वाढ सारखी झाली नाही. कायद्याने मागणी कशी वाढली याचे स्पष्टीकरण मिळते; ती मागणी कोणी, कोणत्या रूपात पेलली याचे उत्तर व्यक्ती व संस्था यांच्या इतिहासातच शोधावे लागते.

ते रूप बहुतांशी वकिली पेढीचे होते. ग्राहकाचे हित पेढीच्या मिळकतीच्या आधी, ग्राहकाची गुपिते बाहेर न जाऊ देणे, न पटणारे सत्यही स्पष्ट सांगणे आणि ज्यात खरा उपयोग दिसत नाही ते काम न घेणे, हे बाउअर यांचे नियम होते. काम शक्यतो सर्वोच्च अधिकाऱ्याच्याच निमंत्रणावरून घ्यावे, असा त्यांचा आग्रह असे. आपली संस्था ‘पेढी’ आहे, ‘कंपनी’ नव्हे, हे ते सहकाऱ्यांना वारंवार बजावत. पोशाखाबाबतही ते कडक होते. गडद सूट, लांब मोजे आणि केनेडींच्या काळापर्यंत हॅट, हा त्यांच्या सल्लागारांचा जवळजवळ गणवेश होता. ज्या अधिकाऱ्यासमोर अप्रिय गोष्ट मांडायची, त्याचे लक्ष सल्लागाराच्या कपड्यांकडे जाऊ नये, असे त्याचे कारण ते देत.

भागीदारांची कमाई आपापल्या कार्यालयाच्या नफ्यावर न ठरवता संपूर्ण पेढीच्या नफ्यावर ठरवण्याची पद्धत त्याहून महत्त्वाची होती. यामुळे एका शहरातील तज्ज्ञ दुसऱ्या शहरातील कामाला देण्यात कोणाचे नुकसान होत नसे. शाखा वाढत गेल्या तरी संस्था एकसंध राहिली, याचे मोठे श्रेय या एका निर्णयाला द्यावे लागते.

क्रॉकेट यांच्यानंतर १९५० मध्ये बाउअर व्यवस्थापकीय संचालक झाले व १९६७ पर्यंत त्या पदावर राहिले. तोपर्यंत उद्योगात वर्षे काढलेल्या अनुभवी माणसांना सल्लागार म्हणून नेमण्याची रीत होती. १९५३ च्या सुमारास बाउअर यांनी ती बदलून हार्व्हर्डसारख्या विद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पदवीधरांची भरती सुरू केली. ठरावीक मुदतीत बढती मिळवावी, नाहीतर पेढी सोडावी, हा नियमही साधारणपणे १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. या दोन्ही गोष्टींचे न्यूयॉर्कमधील पॉल क्रॅव्हाथ यांच्या वकिली पेढीच्या प्रसिद्ध पद्धतीशी असलेले साम्य नजरेत भरते. बाउअर स्वतः मात्र गिन यांचेच ऋण सांगत. मूल्ये गिन यांची आणि भरतीचे तंत्र क्रॅव्हाथ पद्धतीचे, अशी विभागणी बहुधा वस्तुस्थितीला धरून होईल. विशी-पंचविशीतील तरुणांनी मुरलेल्या उद्योजकांना काय शिकवावे, हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे. विश्लेषणाची शिस्त अनुभवाच्या पूर्वग्रहांपेक्षा भरवशाची असते, असे बाउअर मानत. पेढी सोडून गेलेली माणसे मोठ्या कंपन्यांत वरच्या जागांवर पोचली आणि तीच पुढे ग्राहक बनली. हा लाभ आधी योजलेला होता की ओघाने आला, याविषयी दोन्ही बाजूंनी लिहिले गेले आहे.

पेढीचे कार्यक्षेत्र उद्योगांपुरते राहिले नाही. १९५२ मध्ये आयझनहॉवर यांची अध्यक्षपदी निवड झाल्यावर नव्या प्रशासनाने कोणत्या महत्त्वाच्या पदांवर नेमणुका कराव्यात याचा अभ्यास तिने केला; १९५८ मध्ये स्थापन झालेल्या नासाच्या संघटनेबाबतही तिचा सल्ला घेण्यात आला. यूरोपचा मार्ग शेल या तेल कंपनीमुळे खुला झाला. १९५६ मध्ये व्हेनेझुएलातील शेलच्या कारभाराची पाहणी झाली, पाठोपाठ संपूर्ण समूहाच्या संघटनेचे काम मिळाले आणि १९५९ मध्ये लंडनचे कार्यालय उघडले. १९६० च्या दशकात यूरोपातील मोठ्या कंपन्यांनी उत्पादनवार किंवा प्रदेशवार स्वायत्त विभागांची अमेरिकन रचना स्वीकारली. तिच्या प्रसारात या पेढीचा वाटा मोठा होता, याबद्दल फारसा वाद नाही. ती रचना सर्वत्र हितकारक ठरली का, हा वेगळा प्रश्न आहे.

१९५६ मध्ये भागीदारीचे रूपांतर खाजगी कंपनीत झाले. साठीला पोचल्यावर, १९६३ मध्ये, बाउअर यांनी आपले भाग (शेअर) पुस्तकी मूल्याने, म्हणजे हिशेबाच्या वह्यांत नोंदलेल्या किमतीने, पेढीला परत विकले. भाग बाजारात विकले असते, तर त्यांना कितीतरी पट अधिक रक्कम मिळाली असती. पण मग पुढच्या पिढीला कर्जाचे ओझे वाहावे लागले असते आणि निर्णय बाहेरच्या भागधारकांच्या हाती गेले असते. प्रस्तुत लेखकाच्या मते बाउअर यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी कृती हीच. मूल्यांवर भाषणे करणारे पुष्कळ असतात. त्यांची किंमत स्वतःच्या मिळकतीतून मोजणारे विरळा. बूझ, ॲलन अँड हॅमिल्टन या प्रतिस्पर्धी पेढीने १९७० मध्ये भागविक्री केली आणि काही वर्षांतच ते भाग परत विकत घेतले.

बाउअर यांचा व्यवस्थापनपद्धतीवरील ग्रंथ १९६६ मध्ये आणि नेतृत्वावरील ग्रंथ १९९७ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, प्रसिद्ध झाला. दुसऱ्या ग्रंथात त्यांनी आधीच्या भूमिकेत मोठा बदल केला. हुकूम व नियंत्रण यांवर आधारलेली उतरंड सुधारण्यापेक्षा ती मोडून काढावी व नेत्यांचे जाळे उभारावे, असे त्यांनी सुचवले. पेढीचा इतिहास त्यांनी १९७९ मध्ये लिहिला, पण तो अंतर्गत वापरासाठी होता. त्यांच्याविषयीची बरीच माहिती पेढीतूनच किंवा पेढीशी संबंधित लेखकांकडून आलेली असल्याने ती वापरताना सावधगिरी हवी. सल्लागारांचा पेशेवरपणा ही आरंभापासूनच जोपासलेली प्रतिमा होती, असे किपिंग यांचे प्रतिपादन आहे. परवाना नाही, सक्तीची परीक्षा नाही, शिस्तभंगाची कारवाई करणारे मंडळ नाही. वैद्यक किंवा वकिलीशी तुलना येथे अपुरी पडते, हे मान्य करावे लागते. बाउअर यांची सारी व्यवस्था व्यक्तींच्या विवेकावर आणि पेढीच्या अंतर्गत शिस्तीवर उभी होती.

ती शिस्त पुढे सैल झाली का, याची चर्चा त्यांच्या मृत्यूनंतर वाढली. १९९४ ते २००३ या काळात पेढीचे प्रमुख असलेले रजत गुप्ता यांना, पद सोडल्यानंतरच्या एका प्रकरणात, गोपनीय माहिती फोडल्याबद्दल २०१२ मध्ये दोषी ठरवण्यात आले. अफूजन्य वेदनाशामकांच्या विक्रीबाबत औषध कंपन्यांना दिलेल्या सल्ल्यासंबंधी पेढीने २०२१ मध्ये अमेरिकेतील राज्यांशी सुमारे ५७·३ कोटी डॉलरची तडजोड केली. दोन्ही वेळी टीकाकारांनी बाउअर यांचे नियमच निकष म्हणून पुढे ठेवले. बाउअर १९९२ मध्ये पेढीतून पूर्णपणे निवृत्त झाले होते. फ्लॉरिडातील डेलरे बीच येथे त्यांचे निधन झाले.